आमची वाटचाल : नकाशातली जमीन आणि खाजणातली माती

२०१० साली अलिबागमध्ये आम्ही कोळंबीच्या तलावांसाठी जागा तपासण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा पातळी मोजण्याचे यंत्र, माती काढण्याचा ऑगर आणि पाण्याची क्षारता पाहण्याचा रिफ्रॅक्टोमीटर एवढेच साहित्य आमच्याजवळ होते. आदल्याच वर्षी केंद्र सरकारने व्हेनामी या परदेशी जातीच्या कोळंबीच्या शेतीस परवानगी दिली होती आणि बांध फुटून खारे पाणी शिरल्यामुळे भातशेती सुटलेले खाडीकाठचे शेतकरी, आपल्या खाजणात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत, तलाव होईल का, हे विचारायला येत होते. जागा तपासणे आणि ती योग्य ठरल्यास नोंदणीची कागदपत्रे तयार करणे, हेच आमचे काम आजही आहे.

किनाऱ्यावर तलाव कोठे व्हावेत, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या ११ डिसेंबर १९९६ च्या निकालानंतर ऐरणीवर आला. त्यातूनच पुढे २००५ चा कायदा आणि चेन्नईचे किनारी जलसंवर्धन प्राधिकरण उभे राहिले. कांदळवने म्हणजे तिवरांची जंगले, पिकाखालची शेती, मिठागरे आणि गावाच्या सामाईक वापराची जमीन तलावांसाठी घेऊ नये, हे प्राधिकरणाचे मार्गदर्शक धोरण आम्हाला मनापासून पटते. तिवरे गेली की बांधही फार काळ टिकत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

चौथ्या वर्षी आमच्या हातून मोठी चूक झाली. एका शासकीय नकाशात तलावांसाठी ‘योग्य’ म्हणून रंगवलेल्या तीन एकरांवर विश्वास ठेवून आम्ही केवळ दोन फुटांपर्यंतची माती तपासली. वरची चिकणमाती उत्तम होती. मुठीत दाबून केलेला गोळा वर उडवून झेलला तरी फुटत नव्हता. तलाव मात्र पाच फूट खोदला गेला आणि खालून जुन्या कांदळवनाचा काळा, गंधकाचा वास येणारा चिखल निघून बांधावर पडला. उन्हात वाळल्यावर त्यावर पिवळट रेषा उमटल्या. अशा मातीतले लोहगंधक हवेशी संयोग पावले की आम्ल तयार होते. पहिल्या पावसात ते बांधावरून तलावात उतरले, पाण्याचा सामू (पीएच) चारच्या खाली गेला आणि पहिले पीक हातचे गेले. आम्ही मोजणीची पूर्ण रक्कम परत केली. चुना टाकून आणि भरतीचे पाणी पुन्हा पुन्हा घेऊन सोडून तो तलाव सुधारायला दोन हंगाम लागले. तेव्हापासून तळाच्या नियोजित पातळीखाली आणखी दीड फूट माती पाहिल्याशिवाय आम्ही शिफारस करीत नाही.

उपग्रहाच्या छायाचित्रांवरून जमिनीचा वापर, खाडीचे अंतर आणि रस्ता कळतो, म्हणून शासनाचे असे नकाशांवरचे नियोजन आवश्यकच आहे. परंतु खालचा थर, पावसाळ्यात गोड्या पाण्याची होणारी खाडी आणि सातबाऱ्यावरची दहा-बारा सामाईक नावे त्यात दिसत नाहीत. गटनिहाय मातीचे खड्डे, उधाणाची प्रत्यक्ष पातळी आणि निरनिराळ्या महिन्यांतली क्षारता नोंदवून तो नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा, आणि हे सारे शेतकऱ्याने कर्ज उचलण्यापूर्वी व्हावे, अशी मागणी आम्ही प्रत्येक बैठकीत मांडतो.

मागच्या फेब्रुवारीत एका गावात आम्ही पौर्णिमेच्या भरतीला खुणेच्या काठ्या रोवत होतो. तेथील एका वृद्ध आजोबांनी जुन्या उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडण्याच्या दाराच्या) दगडावरची, आमच्या काठीपेक्षा वीतभर उंच असलेली पाण्याची खूण दाखवली. त्या गावासाठी बांधाची उंची आम्ही त्या दगडावरून धरली आहे.