तुम्ही विचारलंत म्हणून: हाताने लिहायला त्रास होणाऱ्या एका मुलाला लॅपटॉप दिला तर बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?

पालकसभा संपली की कोणीतरी मागे थांबतं आणि हेच विचारतं. कधी वर्गातल्या दुसऱ्या मुलाची आई असते, कधी स्टाफरूममधले सर, आणि खूपदा त्या मुलाचे स्वतःचे बाबाच, की मॅडम ह्याला लॅपटॉप दिला तर लिहायची सवय कायमची जाईल आणि बाकीची पोरं तीन तास बोटं दुखेपर्यंत लिहितात त्यांचं काय. मी माध्यमिक शाळेत स्पेशल एज्युकेटर आहे, रोज हेच काम करते, म्हणून एकदा नीट लिहिते.

आठवीतला एक मुलगा, डिसग्राफिया असलेला. म्हणजे हुशार आहे, शिकवलेलं कळतं, बोलतो तर छानच, पण मनातलं हातातून कागदावर उतरताना अडकतं. पावसाळ्यावर निबंध होता. मला तोंडी सांगताना त्याने आजोळच्या घराची कौलं सांगितली, गळतं तिथे आजी पातेली मांडते ते सांगितलं, आणि पातेलं रिकामं असताना टण् वाजतं आणि भरत आलं की डुबुक हे तर हातवारे करून सांगितलं. वहीत काय होतं? पाऊस पडतो. मला पाऊस आवडतो. शेत हिरवे होते. तीन ओळी, त्यात 'हिरवे'ची वेलांटी ह सोडून र ला. पातेली कुठे गेली विचारलं तर म्हणाला, "मॅडम, पातेली लिहायला खूप वेळ लागतो." म्हणजे हा मुलगा काय सांगायचंय ते लिहीत नव्हता, हाताला जे जमेल तेवढंच लिहीत होता, आणि आपण मार्क देत होतो त्या तीन ओळींना.

मग आम्ही टायपिंग सुरू केलं. देवनागरी हाताने लिहिताना 'कि'ची वेलांटी आधी काढायची आणि क नंतर, पण कानाला क आधी ऐकू येतो, तिथेच ह्या मुलांचा गोंधळ होतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या ठरावीक कीबोर्डवर, क आधी दाबायचा, वेलांटी मागून, म्हणजे बोलतो त्याच क्रमाने. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, डी दाबला की अक्षराचा पाय मोडतो आणि पुढचं अक्षर त्याला येऊन जोडलं जातं. रोज वीस मिनिटं, दिवाळीपासून मार्चपर्यंत. पहिला महिना फार रडवणारा असतो, स्पीड हाताच्या लिखाणापेक्षाही कमी असतो आणि घरचे म्हणतात सोडून द्या. सोडू नका. मार्चमध्ये त्याने तोच निबंध पुन्हा लिहिला, दीड पान झालं, आणि मध्येच मान वर करून मला विचारलं की डुबुकमधले दोन्ही उकार पहिले का? त्याआधी वर्षभरात त्याने मला शुद्धलेखनातलं काहीही विचारलं नव्हतं.

फोनवर बोलून टाइप होतं की, मग कीबोर्ड कशाला, हेही विचारतात. घरी कच्चा खर्डा करायला ते खरंच चांगलं आहे, मी वापरायला सांगते. पण पन्नास-साठ मुलांच्या वर्गात फोनला शेजारच्या बाकाचंही ऐकू जातं, आणि मुख्य म्हणजे परीक्षेत इंटरनेट नसतं. वर्षभर एका साधनाने लिहायला शिकवायचं आणि पेपरला ते काढून घ्यायचं असं करू नका. जे परीक्षेत मिळणार आहे तेच वर्गात हातात हवं, आणि वर्गात जे उपयोगी पडतंय ते परीक्षेत मिळावं म्हणून आपण भांडायला हवं.

नियमांचं थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी धरलेली आहे, डिसग्राफिया त्यातच येतो. सीबीएसईत अशा मुलांना बोर्डाच्या पेपरला स्वतःचा लॅपटॉप नेता येतो, फॉरमॅट केलेला, इंटरनेट नसलेला, आणि केंद्रावर कॉम्प्युटरचे शिक्षक तो तपासतात. आपल्या राज्य बोर्डात बहुतेकांच्या वाट्याला लेखनिक, म्हणजे मूल सांगेल ते लिहून देणारा, आणि जादा वेळ येतो, तासाला वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो. नववीच्या मुलीला 'अपवर्तनांक' सांगायचा, तिने तो कधी वाचलेलाच नाही, ती दोनदा विचारते, ह्याचा पुढचा मुद्दा तोपर्यंत डोक्यातून जातो. तिचा काही दोष नाही, ती बिचारी मनापासून लिहीत असते. गणिताला मात्र मी स्वतः लेखनिकच घ्या म्हणते, कारण वर्गमूळ आणि अपूर्णांक टाइप करण्यात जादा वेळ सगळा निघून जातो.

आता अन्यायाचं. विज्ञानाच्या पेपरात विज्ञान तपासायचं असतं, मनगट नाही. लॅपटॉप उत्तर सांगत नाही, ते डोक्यातच असावं लागतं. भाषेच्या पेपरात शुद्धलेखनाला मार्क असतील तर स्पेलचेक बंद ठेवा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आणि ही कोणाची मेहेरबानी नाही. रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हाताचे स्नायू आखडण्याचा त्रास, असलेल्या विकास कुमार यांना यूपीएससीच्या परीक्षेत लेखनिक नाकारला होता, तेव्हा 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की सर्टिफिकेटवर 40 टक्के अपंगत्व नाही एवढ्यावरून लेखनिक नाकारता येणार नाही.

राहिली हाताची सवय. ती मी सोडू देत नाही, सही, फॉर्म भरणं, रोज पाच ओळी, हे चालूच असतं, फक्त त्या पाच ओळींवर त्याची हुशारी मोजायची नाही.

एक कळकळीची विनंती आहे. दहावीच्या जानेवारीत येऊ नका. सर्टिफिकेटसाठीची सरकारी हॉस्पिटलमधली तपासणी एका फेरीत होत नाही, त्यानंतर शाळेमार्फत बोर्डाकडे अर्ज जातो, आणि टायपिंगला बोटं तयार व्हायला चार-पाच महिने लागतात ते वेगळेच. सातवी-आठवीत असतानाच या, येताना मुलाची एक वही आणा, आणि त्याला तुमच्यासमोर त्याच धड्यावर बोलायला लावा. वही आणि बोलणं यात केवढा फरक आहे तो तुम्हालाच तिथे ऐकू येईल.