बोर्डाची ओळख नेमकी कुठे छापावी?

सांगलीत प्लायवूड आणि बोर्डांच्या व्यापारात असल्यामुळे गोदामात माल उतरताना मी बोर्डाची दर्शनी बाजू सर्वांत शेवटी पाहतो. आधी पाहतो ती कड. आठ बाय चार फुटांच्या, 18 मिलिमीटर जाडीच्या साध्या एमडीएफ (लाकडाचे तंतू चिकटवून आणि दाबून केलेल्या) बोर्डाच्या दोन्ही बाजू एकसारख्या तपकिरी आणि गुळगुळीत असतात, आणि तो कोणत्या कारखान्याचा, कोणत्या प्रतीचा, केव्हा दाबलेला हे त्यांवरून मुरलेल्या मिस्त्रीलाही सांगता येत नाही. प्लायवूडचे निदान थर मोजता येतात आणि सागवानी फळीचे रेषे पाहून तिची परीक्षा करता येते. तंतूंपासून बनवलेल्या बोर्डात मात्र मूळ लाकडाची सगळी लक्षणे कारखान्यातच दळली गेलेली असतात, त्यामुळे बोर्डाला ओळख द्यायची ती कारखान्यानेच. ही ओळख उत्पादनाच्या कोणत्या टप्प्यावर दिली जाते यावरच ती गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत पोहोचणार की वाटेतच पुसली जाणार हे ठरते, आणि बहुतेक कारखाने या प्रश्नाचा विचार आपल्या फाटकापर्यंतच करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

एमडीएफ कसा तयार होतो हे पाहिल्याशिवाय यातली अडचण समजत नाही. लाकडाच्या चिपा वाफेवर मऊ करून रिफायनरच्या दोन दातेरी चकत्यांमधून दळल्या जातात. सुटे झालेले तंतू वाफेच्या जोराने ज्या नळीतून बाहेर फेकले जातात, तिथेच त्यांवर युरिया-फॉर्मल्डिहाइडसारख्या रेझिनचा, म्हणजे चिकटवणाऱ्या द्रव्याचा, फवारा बसतो. पुढे ते वाळवून पट्ट्यावर पसरले जातात आणि पिंजलेल्या कापसासारखी एक जाड गादी तयार होते. ही गादी आधी थंड दाबाखाली बसवली जाते आणि नंतर दोनशे अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त तापलेल्या प्रेसमध्ये दाबून तिची जाडी कित्येक पटींनी कमी केली जाते. प्रेसमधून अखंड निघणारी पट्टी करवतीने कापली जाते, गरम बोर्ड थंड होण्यासाठी मोठ्या चक्रात उभे फिरवले जातात, मग त्यांचे ढीग लावून ते काही काळ ठेवले जातात, आणि त्यानंतर कुठे सँडिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे) व मापात कटिंग होते.

आता या साखळीत शिक्का मारायचा कुठे? गादीवर मारला तर शाई तंतूंत शोषली जाईल आणि दाबाखाली अक्षरांचा आकारही राहणार नाही. प्रेसमधून बाहेर पडल्यावर मारला तर सँडिंगच्या पट्ट्याखाली पृष्ठभागाचा वरचा पातळ थर, आणि त्याबरोबर तो शिक्काही, भुसा होऊन निघून जाईल. कडेवर मारला तरी अंतिम मापात कापताना ती कडच छाटली जाते. म्हणजे बोर्डाचे बरे-वाईट ज्या प्रेसमध्ये ठरते, तिथे त्याला खूण करता येत नाही. आणि जिथे खूण करता येते, तिथे तो येईपर्यंत प्रेसमधला क्षण मागे पडलेला असतो. म्हणून काळजीपूर्वक चालवलेल्या कारखान्यात प्रत्येक ढिगाला क्रमांक देऊन त्याची प्रेसची वेळ नोंदलेली असते आणि सँडिंगनंतर तीच नोंद बोर्डावर छापली जाते. जिथे हा दुवा राखला जात नाही, तिथे बोर्डावरची तारीख सँडिंगची किंवा बांधणीची असू शकते, आणि ती वाचून फारसा उपयोग होत नाही.

प्रेसनंतर लगेच होणारी एक खूण मात्र आहे, पण ती गिऱ्हाइकासाठी नसते. आत वाफ कोंडून बोर्डाचा गाभा फुगला किंवा सुटला असेल तर तो दोष वरून दिसत नाही. म्हणून बोर्डाच्या आरपार अल्ट्रासाऊंड लहरी सोडून तो शोधतात आणि सदोष बोर्डावर रंगाची फवारणी करून किंवा त्याला रांगेतूनच बाहेर काढून वेगळे करतात.

जुन्या ओल्या पद्धतीच्या हार्डबोर्डला तर कोणी न मारलेला शिक्का आपोआप मिळत असे. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावी विल्यम मेसन यांनी 1920 च्या दशकात वाफेच्या दाबाने लाकूड फोडून त्याचे बोर्ड करण्याची पद्धत बसवली. अशा ओल्या पद्धतीत तंतूंचा ओला थर गरम प्रेसमध्ये तारेच्या जाळीवर ठेवावा लागतो, कारण पाणी आणि वाफ बाहेर जायला वाट हवी. त्या जाळीचा ठसा बोर्डाच्या एका बाजूवर कायमचा उमटतो. शाळेत परीक्षेला नेण्याचे तपकिरी पॅड ज्यांनी वापरले आहे, त्यांनी मागची ती खरबरीत चौकडी बोटांनी नक्कीच चाचपली असेल. कोणत्याही छापील शिक्क्यापेक्षा ती टिकाऊ होती, कारण बोर्ड कितीही लहान कापला तरी प्रत्येक तुकड्यावर ती राहतेच.

आजच्या कारखान्यात सँडिंगनंतरची छपाई बहुधा इंकजेट यंत्राने होते. बोर्डाची पुढची कड आली की फोटोसेल इशारा देतो, पट्ट्याचा वेग एन्कोडर मोजत राहतो म्हणजे अक्षरे ताणली किंवा आक्रसली जात नाहीत, आणि शाईचे विद्युतभारित थेंब वळवून ठिपक्यांची अक्षरे उमटवली जातात. शाई क्षणात वाळणारी असते. या यंत्राचा खरा शत्रू भुसा आहे. सँडिंगची बारीक धूळ कडेवर बसलेली असली तर शाई लाकडाऐवजी धुळीवर पडते आणि गोदामात हात फिरवताच अर्धे अक्षर बोटाला लागते. छपाईच्या आधी ब्रश आणि हवेचा झोत लावलेला आहे की नाही, हे कारखान्यात न जाताही कडेवरून अंगठा फिरवून कळते. मी नव्या कंपनीचा माल घेताना हे हमखास करतो. एवढी साधी गोष्ट जिथे सांभाळलेली नाही, तिथे रेझिनचे प्रमाणही काटेकोर नसेल अशी शंका मला येते. ही शंका कदाचित अन्यायाची असेल, पण व्यापारात ती कामी येते.

काय छापावे याबद्दल भारतीय मानके पुरेशी स्पष्ट आहेत. सर्वसाधारण वापराच्या एमडीएफसाठी आयएस 12406, लाकडाच्या चुऱ्यापासून केलेल्या पार्टिकल बोर्डासाठी आयएस 3087 आणि हार्डबोर्डासाठी आयएस 1658 ही मानके आहेत. निर्मात्याची ओळख, प्रत, जाडी आणि बॅच किंवा उत्पादनाचा काळ सहज न पुसणाऱ्या रीतीने बोर्डावर असावा, हा त्यामागचा साधा हेतू आहे. आयएसआय चिन्ह असेल तर चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घातला की परवाना कोणाचा, कोणत्या मालासाठी आणि चालू आहे की नाही हे समजते. गिऱ्हाईक चिन्ह पाहून समाधान मानते. मी क्रमांक पाहावा असे सुचवतो.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बॅच क्रमांक, आणि नेमका तोच कोणी वाचत नाही. प्रयोगशाळेत प्रत्येक बोर्ड तपासला जात नाही. ठरावीक काळाने एक बोर्ड काढून त्याचे लहान चौकोनी तुकडे करतात, काही ओढून आतली पकड किती आहे ते मोजतात, काही चोवीस तास पाण्यात ठेवून जाडी किती फुगली ते पाहतात. निकाल येईपर्यंत त्या पाळीचा बाकीचा माल पुढे सरकलेला असतो. निकाल वाईट आला तर कुठून कुठपर्यंतचा माल अडवायचा हे केवळ त्या वेळेच्या आकड्यांवरून ठरू शकते. बोर्डावर आकडे नसतील तर चांगल्या-वाईट मालाची एकत्र गाडी भरून सांगलीला येते आणि पुढे पलूस-तासगावच्या गावागावांतल्या घरांत विखुरते.

छपाईला पर्याय म्हणून ओळख बोर्डाच्या अंगातच मिसळण्याची एक पद्धत आहे, आणि ती मला सर्वांत पटते. ओलावा सहन करणाऱ्या एमडीएफच्या तंतूंत हिरवा रंग आणि आग उशिरा धरणाऱ्या बोर्डात लाल किंवा गुलाबी रंग मिसळण्याची प्रथा जगभर रूढ आहे. रेझिनच्या टप्प्यावरच रंग गेल्यामुळे बोर्ड कुठेही कापा, सँडिंग करा, खाच पाडा, आतून तोच रंग दिसतो. मात्र येथे एक सावधगिरी हवी. हिरवा रंग पाणी अडवत नाही. पाणी अडवते ते मेलामाइन मिसळलेले किंवा अन्य जलरोधक रेझिन आणि मेण. रंग स्वस्त आहे आणि रेझिन महाग आहे, हे लक्षात घेतले म्हणजे केवळ हिरव्या गाभ्यावर विश्वास का ठेवू नये हे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय सध्या एचडीएचएमआर (जास्त घनतेचे, ओलावा जास्त सहन करणारे) म्हणून जे बोर्ड खपतात, त्यांतल्या सगळ्यांचा गाभा हिरवा नसतो. म्हणजे रंग असला तरी चौकशी हवी आणि नसला तरीही.

सांगलीत या चर्चेला एक वेगळे वजन आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली आणि 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. गावभाग, मारुती चौक आणि नदीकाठच्या वस्त्यांतल्या घरांत पाणी ओसरल्यावर कपाटांचे आणि स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांचे खालचे भाग भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटलेले नव्हे, तर आतून फुगून दुप्पट जाड झाल्यासारखे दिसत होते. ओलावारोधक बोर्डसुद्धा दिवसेंदिवस पुराच्या पाण्यात बुडून राहण्यासाठी बनवलेला नसतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण त्या वेळी लोक विचारत होते की आम्ही पैसे तर चांगल्या बोर्डाचे दिले होते, मग आत नेमके काय वापरले होते? याचे उत्तर देण्यासाठी कपाटाचा एकही भाग उपयोगी पडत नव्हता. लॅमिनेटखाली पृष्ठभाग झाकलेला, कडांवर एज बँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी, बसलेला, आणि ज्या कडेवर अक्षरे होती ती कधीच कापून भंगारात गेलेली. बोर्डाची ओळख दुकानापर्यंत आली होती, घरात आली नव्हती.

फायबर सिमेंटच्या बोर्डात परिस्थिती थोडी बरी आहे. लुडविग हॅचेक या ऑस्ट्रियन उद्योजकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या पद्धतीचे पेटंट घेतले, त्याच पद्धतीने आजही हे बोर्ड बनतात. सिमेंट आणि तंतूंच्या पातळ पाण्यातून फिरणारी जाळीदार पिंपे एकेक बारीक पापुद्रा उचलतात, तो मोठ्या रुळावर गुंडाळत जाऊन हवी ती जाडी होते, आणि मग तो थर कापून सपाट केला जातो. या वेळी शीट ओली आणि मऊ असते, त्यामुळे ठसा दाबून उठवता येतो आणि पुढे सिमेंट घट्ट झाले की तो ठसा शीटचाच भाग होतो. पूर्वी या शीटमध्ये ॲस्बेस्टॉस असे. युरोपात ॲस्बेस्टॉस सोडल्यानंतर बिनॲस्बेस्टॉसच्या नालीदार पत्र्यांवर एनटी (‘नवे तंत्रज्ञान’) ही अक्षरे ठशाने उठवली जात, त्यामुळे अनेक वर्षांनी छप्पर उतरवणाऱ्या कामगारालाही आपण काय हाताळत आहोत याचा अंदाज येतो. सपाट शीटसाठीचे आयएस 14862 हे मानक बाहेरच्या वापराचा ए आणि आतल्या वापराचा बी असे दोन प्रकार मानते. महाबळेश्वर, पाटण, कोयनानगर या साताऱ्याच्या पश्चिम पट्ट्यात बाहेरच्या भिंतीला शीट लावायची असेल तर मागे छापलेले हे एक अक्षर किमतीपेक्षा आधी पाहायला हवे.

परदेशी पाठवायच्या फर्निचरचे नियम कडक आहेत. अमेरिकेत एमडीएफमधल्या रेझिनमधून बाहेर पडणाऱ्या फॉर्मल्डिहाइड या अपायकारक वायूची मर्यादा 0.11 पीपीएम (दशलक्ष भागांत 0.11 भाग) आहे, आणि बोर्डावर किंवा गठ्ठ्यावर उत्पादकाचे नाव, लॉट क्रमांक आणि तपासणाऱ्या संस्थेचा क्रमांक लागतो. महत्त्वाचे म्हणजे तयार फर्निचरवरही लेबल लागते. साखळीचे शेवटचे टोकही नियमात धरल्यामुळे बोर्डाची माहिती कटिंगच्या यंत्रावर संपत नाही.

आपल्याकडे असा नियम होण्याची वाट पाहण्यापेक्षा कारखान्यांनी कडेबरोबर बोर्डाच्या पाठीवरही दर फुटा-दीड फुटाला फिकट शाईत प्रत आणि बॅच छापावी, म्हणजे कपाटाच्या प्रत्येक फळीला निदान एक ओळ मिळेल, असे मी कंपन्यांच्या प्रतिनिधींना सांगत असतो. दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावून येणाऱ्या बोर्डात हे शक्य नाही, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. तिथे कडेचाच आधार उरतो. त्यामुळे माझ्या दुकानात आता बिलावर बोर्डाच्या मापाखाली बॅच क्रमांकही लिहिला जातो, आणि मिस्त्रींना आम्ही एवढेच सांगतो की कटिंगचा आराखडा मांडताना अक्षरांची कड शेवटच्या कापाला ठेवावी आणि तो पट्टा टाकून न देता सिंकखालच्या कपाटाच्या पाठीला आतून खिळ्याने ठोकावा.