आमची वाटचाल : ‘चान्स किती?’ या प्रश्नापाशी

बेळगावात आरपीडी कॉर्नरजवळच्या एका गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती सीईटीचे, म्हणजे कर्नाटकातल्या इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांच्या परीक्षेचे, फॉर्म भरून देण्यापासून. रिझल्ट लागला की दारात रांग लागायची. ही परीक्षा घेणाऱ्या केईएच्या साईटवर ऑप्शन एंट्री करायची, म्हणजे कॉलेज आणि ब्रँचची पसंती भरायची, मागच्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवायचे आणि रँक बघून बेळगावातच चांगली ब्रँच मिळेल की बेंगळूरला काही बसतंय, ते पालकांना सांगायचं. तिथे अंदाज सहसा बरोबर येतो, कारण एकच आकडा बोलतो.

पुढे उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपवाल्या काकांनी मुलाला बारावीनंतर थेट अमेरिकेत पाठवायचं मनावर घेतलं आणि ते आमच्याकडे आले. आमच्या कामाला तिथून नवी वाट फुटली. आता निपाणी, चिकोडी, खानापूर, अगदी चंदगडहूनही पालक येतात. बसल्या बसल्या पहिला प्रश्न ठरलेला : “मॅडम, हार्वर्डला चान्स किती टक्के, तेवढं सांगा की.”

टक्का आम्ही सांगत नाही. जो सांगतो त्याच्यापासून जपून राहा, असं मी स्पष्ट बजावते. कोविडच्या काळात एसएटी या अमेरिकेतल्या प्रवेश परीक्षेची सक्ती उठली, तेव्हा हार्वर्डकडे येणारे अर्ज एका वर्षात सुमारे 40,000 वरून 57,000 च्या वर गेले. प्रवेश मात्र दोन्ही वर्षी दोन हजारांच्या आसपासच दिले गेले. म्हणजे दुसऱ्या वर्षी शंभरात जेमतेम चार. त्यातही खेळाडू आले, माजी विद्यार्थ्यांची मुलं आली, अमेरिकेतली मुलं आली. परदेशी मुलांच्या वाट्याला काय उरतं ते एमआयटीच्या आकडेवारीत दिसतं. तिथे परदेशी अर्जदारांचा हिशेब वेगळा दिलेला असतो आणि त्यांच्या निवडीचं प्रमाण एकूण प्रमाणापेक्षा बरंच कमी असतं. असा सरसकट टक्का घेऊन कडोलीच्या एखाद्या मुलीला तिचा चान्स कसा सांगायचा?

मग आम्ही बघतो काय? आधी नववीपासूनचे मार्क. आपल्याकडची खरी अडचण इथेच आहे आणि ती कुणी सांगत नाही. सीईटीच्या रँकला निम्मं वजन सेकंड पीयूच्या, म्हणजे बारावीच्या मार्कांचं, निम्मं सीईटीचं. त्यामुळे फर्स्ट पीयूला, म्हणजे अकरावीला मुलं ढिली पडतात, कॉलेजंही फारसं मनावर घेत नाहीत. अमेरिकेतले नेहमीचे अर्ज मात्र जानेवारीच्या सुरुवातीला बंद होतात आणि आपली सेकंड पीयूची परीक्षा त्यानंतर. म्हणजे तिथल्या टेबलावर पडते ती नववी, दहावी आणि नेमकी तीच फर्स्ट पीयू. दहावीला 625 पैकी 610 मिळवून आलेला मुलगा फर्स्ट पीयूत घसरलेला असला, तर त्याच्या यादीतून काही नावं खाली उतरवावीच लागतात. वाईट वाटतं, पण ऑक्टोबरात सांगितलेलं बरं, एप्रिलमध्ये कळण्यापेक्षा.

एसएटी एमआयटीने 2022 मध्ये आणि हार्वर्डने 2024 मध्ये पुन्हा सक्तीची केली. 1600 पैकी दीड हजाराच्या वर स्कोअर असला की अर्ज नीट वाचला जाईल एवढंच धरायचं. तसे स्कोअर असलेली मुलं ते हजारोंनी परत पाठवतात.

त्यापुढचं काम मला सगळ्यात जवळचं. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, दहा अ‍ॅक्टिव्हिटी लिहिता येतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला 150 अक्षरं, स्पेससकट. त्या काकांच्या मुलाने चित्रकलेची परीक्षा, क्विझ, एका एनजीओचं सर्टिफिकेट असं सगळं लिहून आणलं होतं. वर्कशॉपचा उल्लेखच नव्हता. विचारलं तेव्हा कळलं, रोज संध्याकाळी लेथवरून उतरलेले जॉब व्हर्नियरने तपासायचे, रिजेक्शन वहीत मांडायचं, कामगारांशी कन्नडमधून आणि पुण्याच्या पार्टीशी मराठीतून बोलायचं, जीएसटीची बिलं करायची, हे सगळं तो आठवीपासून करत होता. “हे घरचं काम आहे मॅडम, हे कसं लिहायचं?” त्या फॉर्ममध्ये नोकरीला आणि घरच्या जबाबदारीला वेगळा रकाना आहे. ते वर्णन 150 अक्षरांत बसवायला आम्हाला अख्खी संध्याकाळ लागली आणि यादीत ते पहिल्या नंबरवर गेलं. काजूच्या हंगामात घर सांभाळणाऱ्या खानापूरच्या मुलींचंही असंच असतं. स्वतःच्या कष्टाला त्या मोजतच नाहीत.

शिफारसपत्राला बराच वेळ जातो. आपल्या पीयू कॉलेजात अमेरिकेतल्यासारखा ही कागदपत्रं करून देणारा काउन्सेलर नसतो. प्राचार्यांना भेटून शाळेची माहिती एका पानावर तयार करून घ्यावी लागते : विषय कोणते, 85 टक्क्यांना डिस्टिंक्शन म्हणतात म्हणजे काय, मराठी माध्यमातून आलेली मुलं किती. वाचणाऱ्याला बेळगाव माहीत नसतं, हे धरूनच लिहायचं.

पैशांची गोष्ट आम्ही पहिल्याच भेटीत काढतो. अशा कॉलेजांचा वर्षाचा खर्च आता 80,000 डॉलरच्या वर गेला आहे. परदेशी मुलाने आर्थिक मदत मागितली तरी निवडीवर परिणाम होऊ न देणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकीच कॉलेजं आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की चान्स कमी होतो. शेत विकून पाठवतो म्हणणाऱ्या बापाला मी तिथेच थांबवते.

म्हणून आमची यादी कधीच नुसत्या मोठ्या नावांची नसते. दोन-तीन अवघड, चार-पाच आवाक्यातली, आणि सीईटी, तसंच कर्नाटकातल्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या कॉमेडके परीक्षेचा फॉर्म भरलेला असायलाच हवा. याच्यावर आम्ही तडजोड करत नाही. काही पालक यामुळे दुसरीकडे गेले, जाऊ देत. फी एकरकमी असते, निकालाशी जोडलेली नाही, आणि कुठल्याही कॉलेजकडून कमिशन घेत नाही.

यंदापासून निपाणी आणि खानापूरला नववी-दहावीच्या पालकांसाठी रविवारी बसतो. पहिल्या भेटीचे पैसे नाहीत. येताना नववीपासूनची सगळी प्रगतिपुस्तकं आणा आणि मुलालाही घेऊन या. निम्मे प्रश्न त्यालाच विचारायचे असतात.