पाच जण, एक अर्टिगा आणि कोल्हापूरचे तेरा श्रोते

पुणे, कोल्हापूर, बेळगाव, गोवा. बँडचं नाव आमच्या सोसायटीतही कुणाला माहीत नाही, तरी नोव्हेंबरात निघालो. अर्टिगाची मागची सीट पाडून दोन गिटारी, बेस, काहोन आणि ढोलकी कोंबली. उरलेल्या फटीत कपडे.

कोल्हापूर 230 किलोमीटर. खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला होता, दीड तास तिथेच गेला. पोचलो तर साउंडचेक कसला, मिक्सरवर बसायला माणूसच नाही. शेवटी कॅफेमालकाचा पुतण्या बसला. श्रोते तेरा, त्यातले चार आमच्या बेसवाल्याच्या मावशीकडचे. ठरलं होतं तिकिटांचे 70 टक्के. साउंडचं भाडं आधी कापणार हे कुणी बोललंच नव्हतं. हातात आले 840 रुपये. तेव्हा ठरावीक आकडा, जेवण, राहणं आणि भाडं कोण देणार, हे सगळं निघण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी ‘बघू की’ म्हणजे तांबडा रस्सासुद्धा स्वतःच्या खिशातून.

बेळगावला मात्र वाचनालयाच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं, बहुतेक पन्नाशीपुढची. आम्ही घाबरून आवाज कमी ठेवला. ओव्यांच्या चालीवरचं आमचं गाणं त्यांनी दोनदा म्हणायला लावलं. निघताना एका काकांनी कुंद्याचे दोन डबे दिले आणि पाकीटही. उघडलं तर सहा हजार! मानधनाचं आम्ही विचारलंही नव्हतं (वरचा सल्ला आम्हीच पाळला नाही, हे कबूल).

चोर्ला घाट उतरलो आणि ढोलकीही उतरली. गोव्याच्या दमट हवेत ढोलकीचं पान, म्हणजे तोंडावरचं चामडं, सैल पडतं. पान्याने नट आवळून, हॅलोजनसमोर शेकवून कशीबशी सुरात आणली. चामड्याचं वाद्य असेल तर पाना सोबत ठेवाच. जास्तीच्या तारा, दोन जॅक केबल आणि एक्स्टेंशन बोर्डही न्या. तिथे मिळेल या भरवशावर राहू नका.

शॅकवर साडेनऊची वेळ दिली होती. उघड्यावर दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा नियम देशभर आहे, पण आमच्या डोक्यातच आलं नाही. नऊपैकी चार गाणी झाली, त्यात एका टेबलाला ‘काहीतरी हिंदी’ हवं होतं. तिथे आठच्या आतली वेळ मागा आणि सगळ्यात चांगलं गाणं दुसऱ्या नंबरवर घ्या. पैसे मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण मिळाले, पाच हजार.

परतताना टाकी गोव्यातच फुल करा, महाराष्ट्रापेक्षा पेट्रोल स्वस्त पडतं.

जमा 11,840, खर्च 16,300. टी-शर्ट तीस छापले, खपले सहा. उरलेले आम्हीच घालतो.

परवा बेळगावच्या काकांचा फोन आला, “पोरांनो, फेब्रुवारीत येताय काय?” मी लगेच हो म्हणालो. मानधनाचं विचारायचं याही वेळी राहिलंच.