गिरगावची लाकडी जमीन

गिरगावातल्या आमच्या चाळीत जमीन लाकडाची होती. दुसऱ्या मजल्यावर मी कथकच्या तत्काराला, म्हणजे पायांनी बोल वाजवायच्या सरावाला, उभी राहिले की दहा मिनिटांत खालच्या काकू दारात. "अगं, आमच्या वरणात माती पडतेय!" फळ्यांच्या फटींतून खरंच पडायची. मग काकूंचा स्वयंपाक आटोपला की दुपारचा अर्धा तास माझा, असं आईने ठरवून दिलं. भिंतीजवळ पाय बद्द वाजायचा, तुळईवर टणक, दाराशी पोकळ. कुठली फळी कशी बोलते ते तळव्यांना पाठ होतं.

आता पंचेचाळिशीत टॅप शिकतेय, बुटांनी ताल वाजवायचा अमेरिकन नाच. घरी टाइल्स, म्हणून प्लायवूडचा तीन बाय चारचा तुकडा आणलाय. बुटांच्या चवड्याखाली आणि टाचेखाली धातूच्या पट्ट्या असतात. त्या बसवायला दिल्या तेव्हा स्टेशनबाहेरच्या मोचीदादांनी विचारलं, "नाल मारायचा ना?" स्क्रू जरा सैल ठेवा, आवाज बदलतो, असं म्हटल्यावर त्यांनी स्वतःच बूट फरशीवर आपटून दोनदा ऐकलं.

कथकमध्ये माझा पाय अख्खा, सपाट पडतो. इथे घोटा सैल सोडायचा, चवडा पुढे घासायचा, मागे ओढायचा आणि त्या एवढ्याशा हालचालीत दोन स्वच्छ आवाज काढायचे. महिनाभर माझा एकच निघत होता. शिवाय चार मात्रांत वजन दुसरीवर आणि चौथीवर. मी आपली सवयीने समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर.

टॅप म्हटलं की आपल्याकडे लोकांना कोट-टोपीतला हॉलिवूडचा गोरा नट आठवतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. १७३९ साली दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं. ढोल वाजवत, वाटेत माणसं गोळा करत ते निघाले होते. पुढच्याच वर्षी तिथे कायदा आला आणि गुलामांना ढोल, शिंगं बाळगायला बंदी झाली. हातातलं वाद्य गेलं, पण ताल कुठे जाणार? तो मांड्यांवर, छातीवर, जमिनीवर वाजत राहिला. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या या पायांना पुढे आयरिश जिग आणि इंग्लंडच्या गिरणगावांतला लाकडी तळाच्या बुटांचा नाच भेटला. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीत गरीब आयरिश आणि काळे लोक शेजारी शेजारी राहायचे. मास्टर जुबा म्हणून गाजलेला काळा नर्तक विल्यम हेन्री लेन तिथलाच. आपल्या चाळींसारखंच ते. एकाच्या घरातलं दुसऱ्याच्या कानावर पडणारच.

कथकचे पंडित चित्रेश दास आणि अमेरिकन टॅप नर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांची जुगलबंदी मी व्हिडिओवर कितीदा पाहिली असेन. साठी गाठलेले पंडितजी अनवाणी, घुंगरू बांधून. समोर पंचविशीतला स्मिथ, टॅपचे बूट घालून. दोघांची नजर एकमेकांच्या पायांवर.

परवा टॅपच्या सरांनी आम्हाला एकेकाला फळीवर उभं केलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले. म्हणाले, पूर्वी अमेरिकेत अशा नाचाच्या चढाओढी व्हायच्या, तेव्हा काही परीक्षक चक्क रंगमंचाखाली बसायचे. वरचा माणूस दिसायचा नाही, नुसते ठोके ऐकून गुण द्यायचे.

मला काकूच आठवल्या. एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी त्या वर आल्या. मी घाबरून घुंगरू सोडायला लागले. त्या म्हणाल्या, "राहू दे गं. ते शेवटी तीनदा सारखं वाजवतेस ना, आज तिसऱ्या वेळी एक कमी वाजलं. परत कर, मी खाली जाऊन ऐकते."