मागच्या हबने ठरवलेला ग्रुपसेट

माझ्याकडे नव्या कार्बन फ्रेमवर सायकल बांधून घ्यायला येणारे लोक बहुधा वजनाचा तक्ता घेऊन येतात. हा ग्राहक गियरचा घेऊन आला होता. ग्रुपसेट, म्हणजे गियर, ब्रेक आणि क्रँकचा पूर्ण संच, त्याला स्रॅम कंपनीचा रेडच हवा होता, कारण "शिमानो मला चढावर झेपणार नाही." मी त्याच्यासमोर भागाकार मांडला: पुढच्या चक्राचे दात भागिले मागच्या चक्राचे. उत्तर जितकं लहान, तितका गियर हलका.

शिमानोच्या ड्युरा-एसची 52-36 दातांची चेनरिंग (पेडलजवळची दोन चक्रं) आणि 11-34 कॅसेट (मागच्या चाकावरचा चक्रांचा संच): सर्वांत हलका गियर 36 भागिले 34, म्हणजे 1.06. रेडची 48-35 आणि 10-33: 35 भागिले 33, पुन्हा 1.06. जड टोकाला 52 भागिले 11 म्हणजे 4.73, आणि 48 भागिले 10 म्हणजे 4.80. चढाचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. खरा फरक पुढच्या उडीत आहे. शिमानोत दोन चेनरिंगमध्ये 16 दातांचं अंतर, स्रॅममध्ये 13. चढाच्या पायथ्याशी चेन लहान चेनरिंगवर टाकली की शिमानोत पाय एकदम मोकळे फिरतात आणि मागे साधारण दोन गियर सावरून घ्यावे लागतात. स्रॅममध्ये हा झटका कमी बसतो. पण पायावर जोर असताना पुढची चेन चढवायची असेल, तर माझं मत अजूनही शिमानोच्या बाजूने आहे.

मग मी त्याला दोन्हींचे शिफ्टर (हँडलवरून गियर बदलायचे लिव्हर) हातात धरायला दिले, तेही हातमोजे घालून. शिमानोत ब्रेक लिव्हरमागे दोन छोटी बटणं एकमेकींना खेटून असतात. जाड मोज्यात बोट चुकतं. स्रॅममध्ये प्रत्येक हाताला एकच पट्टी: उजव्या हाताची दाबली की गियर जड, डाव्या हाताची दाबली की हलका, दोन्ही एकदम दाबल्या की पुढची चेन हलते. हे त्याला लगेच आवडलं आणि रेडची बाजू पुन्हा वर आली.

तोवर त्याच्या चाकांकडे कोणी पाहिलंच नव्हतं. त्याच्याकडे दोन जोड्या होत्या, शिवाय घरात सायकल बसवून व्यायाम करायचा ट्रेनर. तिन्हींवर फ्रीहब, म्हणजे मागच्या हबचा कॅसेट बसवायचा भाग, 11 स्पीडची (मागे 11 चक्रांची) शिमानो एचजी प्रकारची. रेडच्या कॅसेटला एक्सडीआर नावाची वेगळी फ्रीहब लागते, 10 दातांचं चक्र एचजीवर बसतच नाही. एका जोडीची फ्रीहब टोकाची टोपी काढून हाताने ओढली की निघत होती, तिला एक्सडीआरचा पर्याय मिळत होता. दुसरी जोडी जुनी होती, त्या हबसाठी तसा भागच बनलेला नाही. (कॅम्पान्योलो कंपनीच्या सुपर रेकॉर्ड ग्रुपसेटला आणखी तिसरीच फ्रीहब लागते, म्हणून तो विषय काढलाच नाही.) शिमानोची रोडची 12 स्पीड कॅसेट मात्र त्या जुन्या 11 स्पीड फ्रीहबवर सरळ बसते. चांगलं चाक टाकून द्यायला तो तयार नव्हता. पट्टी कितीही आवडली तरी निवड शिमानोवर आली.

पुढचा प्रश्न ड्युरा-एस की शिमानोचाच त्याखालचा अल्टेग्रा. गियर बदलण्यात दोन्हींत जाणवण्याजोगा फरक नाही. पूर्ण ग्रुपसेटच्या वजनात साधारण पाव किलोचा आहे. त्याला शिफ्टर, क्रँक आणि डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारे भाग) ड्युरा-एसचेच हवे होते, ते घेतले. कॅसेट मात्र मी अल्टेग्राची सुचवली. ड्युरा-एस कॅसेटची मोठी चक्रं टायटॅनियमची असतात, पोलादापेक्षा लवकर झिजतात, आणि 11-34 मध्ये वाचतात जेमतेम 90 ग्रॅम. कॅसेट झिजणारच, ती महागडी कशाला?

बसवताना एकच गोष्ट अडली. ट्रेनरवर कॅसेट आवळून धरणारा लॉकरिंग आटे पकडेना. जुनी 11 स्पीडची 11-34 कॅसेट रोडच्या फ्रीहबवर बसवताना मागे 1.85 मिलिमीटरची चकती घालावी लागते. कॅसेट काढली, पण चकती काळ्या तेलात फ्रीहबच्या तळाशी चिकटून राहिली होती. 12 स्पीडला ती नको असते. तशीच जोर लावून आवळली असती तर आटे गेले असते. नखाने उचकटून काढली, मग लॉकरिंग 40 न्यूटन-मीटरला नीट बसला.

बाकी काम सरळ होतं. गियर विजेवर बदलतात, त्याची बॅटरी सीटपोस्टमध्ये (सीटच्या दांड्यात), तिथून दोन्ही डिरेलरना वायर, शिफ्टर बिनवायरचे आणि त्यांत सीआर1632 सेल. चार्जिंगचं तोंड मागच्या डिरेलरवर असल्यामुळे सायकलच प्लगजवळ न्यावी लागते. ज्याची सायकल तळघरात राहते त्याने रेड घ्यावा, त्याच्या बॅटऱ्या खिशात घालून वर नेता येतात.

सायकल देताना सांगून ठेवलं: बॅटरी उतरली की आधी पुढचा डिरेलर थांबतो, मागचा आणखी थोडा वेळ चालतो. पुढची चेन हलेनाशी झाली तर बिघाड शोधत बसू नका, आधी चार्ज बघा. आणि चार्ज कमी असताना चढाकडे निघायचं असेल तर चेन आधीच लहान चेनरिंगवर टाकून ठेवा.