आतलं लूप परत एकपासून

२२ जून, रात्री

आज नेस्टेड लूप समजलं. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारा प्रोग्रामचा तुकडा, आणि एका लूपच्या आत दुसरं बसवलं की ते नेस्टेड. पाठ तर आधीच झालं होतं. आज असं समजलं, की झोपेतून उठवून कुणी विचारलं तरी सांगेन.

दुपारी लाइन गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. लॅपटॉपची बॅटरी जुनी, लगेच मान टाकते. म्हणून सी भाषेतला प्रोग्राम वहीत उतरवला आणि स्वतःच कॉम्प्युटर होऊन तो ओळीओळीनं चालवायला घेतला. याला ड्राय रन म्हणतात. कॉलेजात हा शब्द सुरुवातीलाच कानावर पडतो, पण प्रॅक्टिकलला वेळ कमी आणि मशीन त्याहून कमी. चांदण्यांचा (*) त्रिकोण स्क्रीनवर बरोबर आला की जर्नलवर सही होते आणि वर्ग पुढं सरकतो. आत काय घडलं ते पाहायला कुणी थांबत नाही, आणि मला वाटतं, शिकण्यासारखं जे काही आहे ते तिथंच आहे.

प्रोग्राम साधाच घेतला. दोन्ही लूप 'फॉर' या शब्दानं लिहिलेली, आणि फेऱ्या मोजायला 'आय' आणि 'जे' ही दोन नावं. बाहेरचं लूप 'आय'चं, १ ते ३. आतलं 'जे'चं, १ ते ४. आत काम एकच, एक चांदणी छापायची. आतलं लूप संपलं की नवी ओळ. वहीत दोन रकाने पाडले आणि सुरू केलं.

आय १, जे १, चांदणी. आय १, जे २, चांदणी. असं करत चौथी चांदणी छापली आणि 'जे'ची किंमत ५ झाली. ५ काही ४ च्या आत नाही, अट खोटी ठरली, आतल्या लूपमधून बाहेर. नवी ओळ. आय २ झाला. आणि इथं पेन थांबलं. रकान्यात 'जे'समोर ५ लिहिलेला आहे. मग दुसऱ्या ओळीत चांदण्या येतातच कशा?

उत्तर डोळ्यांसमोरच होतं. 'जे'ला १ देणारा भाग आतल्या फॉरच्या कंसात पहिल्याच जागी आहे, आणि तो अख्खा फॉर बाहेरच्या लूपच्या महिरपी कंसांत बसलेला आहे. बाहेरची प्रत्येक फेरी त्या फॉरपाशी नव्यानं येऊन पोचते, म्हणून 'जे' दर वेळी परत १ होतो. आधीच्या फेरीत तो कुठं पोचला होता याच्याशी आतल्या लूपला काही देणंघेणं नाही.

मग सगळंच मोजून पाहिलं. 'जे'ला १ दिला गेला ३ वेळा. आतली अट तपासली गेली १५ वेळा, कारण प्रत्येक ओळीत चार वेळा खरी आणि पाचव्यांदा खोटी. बाहेरची अट ४ वेळा. स्क्रीनवर मात्र १२ चांदण्याच दिसतात, बाकीची धावपळ दिसत नाही.

खात्री करायला आतला फॉर मोडून व्हाइल लिहिलं, म्हणजे कंसात फक्त अट असलेलं लूप, आणि 'जे'ला १ देणारी ओळ मुद्दाम दोन्ही लूपच्या वर नेऊन ठेवली. पुन्हा रकाने भरले. पहिल्या ओळीत चार चांदण्या, खालच्या दोन्ही ओळी कोऱ्या! एक ओळ दोन बोटं वर सरकवली तर एवढं होतं. हे पाहून मला फार आनंद झाला, कारण आता त्या ओळीची जागा मला कुणी सांगायची गरज नाही.

इतक्यात आई वावरातून आली. आमच्या राळेगावकडं सध्या सरकी टोबणं, म्हणजे कपाशीचं बी हातानं लावणं, चालू आहे. इकडं तास म्हणजे वावरातली लावणीची ओळ, आणि धुरा म्हणजे बांध. हातपाय धुऊन ती बाजूला बसली, वहीत डोकावली आणि म्हणाली, "काय लिहून राहिली वं इतकं?"

मी सांगितलं, "तू या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत एका तासात सरकी टोबत जाते ना, ते आतलं लूप. ते तास संपलं की दुसरं धरते, ते बाहेरचं. दुसऱ्या तासात पुन्हा या धुऱ्यापासून सुरुवात."

आई लगेच म्हणाली, "आमी त त्या धुऱ्याहून वापस टोबतच येतो. रिकाम्या हातानं चालत कोन येईन इकडं?"

बरोबर त्याच जागी तिनं बोट ठेवलं, जिथं माझं पेन थांबलं होतं. माणसाला या धुऱ्यावर परत यायचं तर अख्खं वावर तुडवावं लागतं. कॉम्प्युटरला 'जे' परत १ करणं म्हणजे एकदा नवी किंमत देणं, मग मागची किंमत ५ असो की ५ लाख. म्हणून त्याला उलटं यायची गरजच पडत नाही. पण आईची रीतही लिहिता येते. आय विषम असेल तर जे १ पासून ४ पर्यंत चढवायचा, सम असेल तर ४ पासून १ पर्यंत उतरवायचा. चांदण्या छापल्या तर दोन्हींत फरक दिसत नाही, म्हणून चांदणीऐवजी 'जे'च छापला:

१ २ ३ ४
४ ३ २ १
१ २ ३ ४

आईला दाखवलं. तिनं बोटानं ओळी धरल्या आणि म्हणाली, "हाव, असंच."

बाबांनी त्यांच्या अंगाचा प्रश्न विचारला, एकरात किती झाडं बसतील? एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तीन बाय तीन फुटांची चौफुली, म्हणजे चौकोनी आखणी, धरली तर एका झाडाला ९ चौरस फूट, म्हणजे ४,८४० झाडं. प्रत्येक फुलीवर दोन सरक्या टाकल्या तर ते तिसरं लूप, आणि सरक्या ९,६८०. लूप एकात एक गेली की फेऱ्यांचा गुणाकार होतो. दोन्ही लूपच्या फेऱ्या दुप्पट केल्या की काम चौपट. हजार गुणिले हजार म्हटलं की दहा लाख फेऱ्या झाल्याच.

त्रिकोण मग सोपा गेला. तिथं आतल्या लूपची हद्द ठरलेली नसते, 'जे' 'आय'पर्यंतच जातो. पाच ओळींत १, २, ३, ४, ५ अशा १५ चांदण्या. गावातल्या कबड्डीच्या सामन्यांचं वेळापत्रकही याच जातीचं. ८ संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी एकच मॅच, तर 'जे' 'आय'च्या पुढच्या आकड्यापासून सुरू करायचा. ७ पासून १ पर्यंत बेरीज, २८ मॅच. कुणी स्वतःशी खेळत नाही आणि कुणाची जोडी दोनदा येत नाही.

मध्येच एक लिहून ठेवते. आय आणि जे हीच अक्षरं जो तो वापरतो. गणितात ती आधीपासून होतीच, पण १९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या गटानं आयबीएम कंपनीत फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा आणली तेव्हा आय ते एन या अक्षरांपासून सुरू होणारी नावं आपोआप पूर्णांक मानली जात. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये घडवलेल्या सीमध्ये असा नियम नाही, तरी सवय टिकली.

आता मला करायचा आहे तो वेचणीचा हिशेब. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की रोज प्रत्येक बाईचा कापूस मोजला जातो आणि बाजाराच्या दिवशी किलोवर मजुरी निघते. बाहेरचं लूप बायांचं, आतलं दिवसांचं. खरा प्रश्न एकच, बेरीज शून्य कुठं करायची? दोन्ही लूपच्या बाहेर केली तर पहिलीचा कापूस दुसरीच्या नावावर चढेल. आतल्या लूपच्या आत केली तर रोजच पुसली जाईल आणि हातात फक्त शेवटचा दिवस राहील. तिची जागा बाहेरच्या लूपच्या आत, पण आतल्याच्या आधी. कुणाच्या मजुरीचा पैसा या एका ओळीवर अवलंबून आहे, म्हणून ती मला पक्की हवी.

उद्या लाइन असो वा नसो, आधी कागदावर तीन बाया आणि दोन दिवस एवढाच हिशेब चालवून बघणार आहे. वजनं आईला विचारून खरीखुरी घेईन.